डागी कापडाचं टेबल

भाद्रपद संपायला दोन दिवस होते. मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला, घाटकोपरला लोखंडी कपाटं बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात, कापलेला पत्रा चळतीवरून सरकला आणि माझ्या वडिलांच्या उजव्या तळहातावरून गेला. मधल्या तीन बोटांना आत वळवणारे दोर तुटले. डॉक्टर त्यांना कंडरा म्हणाले. घरात आणि शेजारी सगळे शिरा म्हणत राहिले. त्याच दुपारी ते शिवले गेले. हात हलू नये म्हणून मनगटापासून पट्टी घातली, आणि दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होत आले तेव्हा ती काढली. जखम भरली होती. बोटं वळत नव्हती. कारखान्याच्या डॉक्टरांनी संक्रांतीनंतरचा पहिला सोमवार दिला. त्या दिवशी उजव्या मुठीत पाना धरता आला तर काम राहील, नाही तर नाव कमी होईल. बाबा तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते, मी चौदा वर्षांची.

आमची खोली टेकडीच्या चढावर होती, खालून मोजत गेलं तर पायऱ्यांच्या तिसऱ्या वळणावर. दुपारी तिथे वेगळीच शांतता असायची. नळाचं पाणी सकाळीच येऊन गेलेलं, बायकांची भांडी पालथी पडलेली, कुठेतरी कुकरची शेवटची शिट्टी. मग विमान यायचं. विमानतळावर उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरून इतकी खाली यायची की पोटाखालची चाकं दिसायची. आधी सावली यायची, पत्र्यांवरून सरकत, एका घरावरून दुसऱ्या घरावर, आणि आवाज तिच्या मागून. आई साड्यांना फॉल-बिडिंग करायची. तिचं मशीन दाराशी, उजेडात असे, आणि ती आमच्याकडे पाठ करून बसे. विमान गेलं की मशीनचा आवाज पुन्हा ऐकू यायचा. तो थांबलेला नसायचाच. फक्त झाकला गेलेला असायचा. अजूनही मला झोप लागताना कधीकधी तो आवाज ऐकू येतो, आणि त्याच्याबरोबर तिरफळाचा वास, कारण बांगड्याची आमटी चुलीवरून उतरवून ती मशीनवर बसायची.

बाबांना त्या दिवसांत डाव्या हाताने जेवावं लागे. आई चमचा द्यायची, ते तो ताटाखाली सरकवून ठेवायचे. मासा मात्र डाव्या हाताने सोडवता येत नाही. काटा काढायला दोन हात लागतात, किंवा एक पण सवयीचा. आई त्यांच्या ताटातला बांगडा उचलून स्वतःच्या ताटात घ्यायची, काटे काढून पुन्हा त्यांच्या भाताशेजारी ठेवायची. हे करताना दोघं बोलत नसत आणि एकमेकांकडे बघतही नसत. मी बघत असे.

कारखान्याच्या आधी बाबा परळच्या एका गिरणीत विणकर होते. गिरणीत मागाला साचा म्हणत. एकोणीस वर्षं त्यांनी साचे चालवले. गिरणी बंद पडली, आम्ही उपनगरात आलो, आणि ते कपाटांच्या कारखान्यात लागले. तिथे ते पत्रे उचलत, धरत, रचत. गिरणीबद्दल ते क्वचित बोलत, पण दुकानात कापड घेताना आधी त्याची किनार अंगठ्याखालून सरकवत आणि मग ते उजेडावर धरत. दुकानदार म्हणे, "काका, घ्यायचं आहे की परीक्षा आहे?" बाबा कापड खाली ठेवत आणि म्हणत, "परीक्षा झाली. घ्यायचं नाही."

दिवाळीनंतर त्यांना महापालिकेच्या इस्पितळातल्या व्यवसायोपचार विभागात पाठवण्यात आलं. सोमवार आणि गुरुवार, दुपारी दोन. माझी शाळा सकाळची होती, म्हणून बरोबर मी जायची. व्यवसायोपचार या शब्दाचा अर्थ आम्हाला माहीत नव्हता. बाबांना वाटलं तिथे नवा व्यवसाय शिकवतात. खोली पहिल्या मजल्यावर होती. भिंती अर्ध्या उंचीपर्यंत हिरव्या, वर पांढऱ्या, आणि खिडक्यांबाहेर बदामाचं झाड, त्यामुळे आतला उजेडही हिरवट. टेबलांवर माती, वेताच्या काड्या, काथ्या, लाकडी खुंट्या, कपड्यांचे चिमटे. सात-आठ माणसं आपापल्या समोरच्या वस्तूकडे बघत बसलेली. एकजण चिमटे एका दोरीवर लावत होता आणि सगळे लावून झाले की काढत होता. कुणी घाईत नव्हतं. पाण्याखाली बघावं तसं ते सगळं हळू चाललं होतं. खिडकीपाशी एक लांब टेबल होतं. त्यावर रुग्णांनी केलेल्या वस्तू मांडलेल्या: टोपल्या, पायपुसणी, मातीचे वाडगे. प्रत्येकीला नावाची चिठ्ठी.

विभाग दळवी मॅडम बघायच्या. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या, बारीक, बोलायला तोडून. त्यांनी बाबांचा हात टेबलावर उताणा ठेवला, म्हणाल्या, "मूठ वळा." बोटं थोडी हलली आणि थांबली. त्यांनी पोरांच्या कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी काढली आणि मधल्या बोटाचं टोक तळव्यापासून किती लांब राहतं ते मोजलं. साडेचार सेंटिमीटर.

"हे शून्य व्हायला हवं," त्या म्हणाल्या. "शून्य नाही झालं तरी दोनच्या आत. दोनच्या आत आलं तर पाना धरता येईल. शिवलेला दोर आजूबाजूला चिकटलाय. तो रोज थोडा थोडा ओढून सुटा करायचा. जोरात ओढला तर तुटेल, नाही ओढला तर कायमचा चिकटेल."

"किती दिवस हातात आहेत?" बाबांनी विचारलं.

"संक्रांतीपर्यंत म्हणताय ना? मग आहेत तेवढेच."

त्यांना कळलं की बाबा विणकर होते, तेव्हा त्यांनी कपाटातून एक लाकडी चौकट काढली. पाटीएवढी रुंद आणि तिच्या दुप्पट लांब, दोन्ही टोकांना खिळ्यांची रांग, त्यांवर उभे ताणलेले पांढरे धागे. आडवा धागा ओवायला चपटी लाकडी पट्टी आणि तो ठोकून बसवायला लाकडी फणी. फणीची मूठ त्यांनी आमच्यासमोर कापूस आणि पांढरी पट्टी गुंडाळून जाड केली. बोटं अर्धीच वळतात, तर मूठच बोटांपर्यंत आली पाहिजे, असा हिशोब. पुढे बोटं वळतील तशी ती पट्टी एकेक वेढा कमी करायची. "ठोकायचं उजव्याच हाताने," त्या म्हणाल्या. "दुसरा हात मदतीलाही नको."

बाबा त्या चौकटीकडे बघत राहिले. एकोणीस वर्षं ज्यांनी दोन-दोन साच्यांमध्ये उभं राहून एका मिनिटात हातभर कापड उतरताना पाहिलं होतं, त्यांच्या मांडीवर ती चौकट होती. त्यांनी उजव्या हाताने फणी धरली. ती एका बाजूला कलली. ठोका पडला तो डावीकडे घट्ट आणि उजवीकडे सैल. अर्ध्या तासात दोन बोटं रुंदीची पट्टी झाली. तिची किनार आत गेली होती, मध्ये धागे उचलले गेले होते, एका जागी भोक होतं.

शेजारच्या खुर्चीवर चांगुणामावशी बसायच्या. माहुलच्या कोळीण, साठीच्या पुढच्या. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली होती आणि त्या वेताची टोपली विणत होत्या. त्यांनी बाबांकडे बघून स्वतःची टोपली वर केली. "माजी टोपली बग रं दादा. हिच्यान बोंबील ठेवला तं त्यो पन लाजून बाहेर परंल." खोलीतले सगळे हसले. बाबाही थोडे हसले.

मग दळवी मॅडमनी बाबांची चौकट उचलली, एका कागदाच्या तुकड्यावर त्यांचं नाव लिहिलं आणि दोन्ही त्या लांब टेबलावर ठेवलं. "पहिला दिवस. सगळ्यांचं ठेवतो आम्ही. निघताना घेऊन जा."

बाबा टेबलापाशी गेले आणि उभे राहिले. उजवा हात पाठीमागे. मान खाली. मला वाटलं ते इतर वस्तू बघतायत. ते बराच वेळ तसेच उभे होते. लोक त्यांच्या बाजूने जात होते. ते हलले नाहीत. मी चौकट उचलून पिशवीत घातली तेव्हा ते माझ्यामागून निघाले.

घरी पोचल्यावर त्यांनी चपला काढायच्या आधी ती दोन बोटं पट्टी उसवली.

दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं ते अठरा दिवस चाललं. चार वाजता मी अभ्यासाची वही बाजूला ठेवायची. बाबा भिंतीला टेकून बसायचे, चौकट डाव्या मांडीला लावायचे. जाड मुठीची फणी पिशवीतच राही. आईची केस विंचरायची लाकडी फणी ते डाव्या हातात घेत आणि डाव्याच हाताने धागा ओवून डाव्याच हाताने ठोकत. उजवा हात मांडीवर पालथा. पहिल्या दिवशी डावा हात चाचपडला. चौथ्या दिवशी त्याला वाट सापडली. ठप्, मग सरकणाऱ्या धाग्याची सुरसुर, मग ठप्. सारख्या अंतराने. पांढऱ्यात त्यांनी मध्येच निळ्या धाग्याची एक रेघ घातली, केसाइतकी सरळ. कापड वर चढत होतं, दारातून येणारा उजेड त्यावर पडत होता, विमानाची सावली एकदा त्यावरून जात होती आणि पुन्हा कापड पांढरं होत होतं. आईचं मशीन, बाबांची फणी. मी वेणीचं टोक तोंडात धरून बघत बसायची आणि कितीदा माझे डोळे मिटायचे. नेमकेपणाने सांगायचं तर माझ्या लहानपणातल्या सगळ्यात सुंदर दुपारी त्या अठरा आहेत. त्यांतली एकही औषधाच्या कामाची नव्हती.

इस्पितळाने आम्हाला एक छापील कागद दिला होता. रकाने होते: दिवस, वेळ, उजव्या हाताने किती मिनिटं, दुखलं का, सूज आली का. माझं अक्षर बरं म्हणून तो भरायचं काम माझ्याकडे होतं.

"लिव, बाय," बाबा घरच्या मालवणीत म्हणत. "उजवो हात. तीस मिनटा."

मी पहिल्या दिवशी त्यांच्याकडे पाहिलं.

"कापड बरा होऊक व्हया आधी," ते म्हणाले. "हात काय, होतलो बरो."

आईने मशीन थांबवलं. वळली नाही. "चेडवाक खोटा लिवूक लावतास?" चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी.

बाबांनी पुढचा धागा ओवला. मशीन पुन्हा सुरू झालं. मी लिहिलं: तीस. दुखलं नाही. सूज नाही. पुढच्या ओळीत तेच. नंतरच्या आयुष्यात मी वर्तमानपत्रात काम केलं आणि हजारो बातम्या माझ्या हाताखालून गेल्या. माझ्या हातची पहिली नोंद ही अशी होती, आणि ती खोटी होती हे मला लिहितानाच माहीत होतं. मी विरोध केला नाही. का नाही, याची कारणं नंतर बरीच सुचली. त्या वेळी एकच होतं: कापड खरंच चांगलं होत होतं.

इस्पितळात ते दिवस वेगळे जात. तिथे चौकट नसे. ती घरच्यासाठी होती. तिथे माती मळायची, खुंट्या उचलायच्या, आणि त्याआधी मेणाचा शेक. एका पेटीत पातळ कोमट मेण असे. बाबा त्यात हात बुडवून वर काढत, पुन्हा बुडवत, आणि हळूहळू हातावर पांढरा हातमोजा चढे. त्यात त्यांचा हात कुण्या देवळातल्या मूर्तीच्या हातासारखा दिसे, निवांत, कुणाचाच नसलेला. मग ते मेण सोलून काढत आणि खालून पुन्हा तीच तीन ताठ बोटं निघत.

सतराव्या दिवशी गुरुवार होता. मॅडमनी चौकट आणायला सांगितली होती. बाबांनी ती पिशवीतून काढली तेव्हा खोलीतले दोघं-तिघं उठून आले. कापड दीड वितीचं झालं होतं. किनार सुरीने कापल्यासारखी. चांगुणामावशींनी डाव्या हाताचं बोट त्यावरून फिरवलं, मग बाबांच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"कापर लय भारी हाय रं दादा," त्या म्हणाल्या. "मंग तुजा हात अजून असा कं, सुक्या बांगऱ्यावानी?"

त्यांच्या बोलण्यात काही हेतू नव्हता. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. या वेळी कुणी हसलं नाही. मॅडमनी मोजपट्टी काढली, मोजलं. साडेचार सेंटिमीटर. पुन्हा मोजलं. तेवढंच.

त्यांनी बाबांना मेणाच्या पेटीकडे पाठवलं आणि मला टेबलापाशी बोलावलं. पिशवीतून जाड मुठीची फणी काढली. मुठीवरची पट्टी पहिल्या दिवशी होती तितकीच पांढरी होती. त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली, शेजारी मी भरलेला कागद.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"रोज तीस? एकही दिवस सत्तावीस नाही? पाहुणे आले नाहीत, दिवे गेले नाहीत, हात दुखला नाही?"

मी फणीच्या पांढऱ्या मुठीकडे बघत होते.

"मी तुला ओरडत नाहीये गं. मला एवढंच सांग, संक्रांतीला किती दिवस आहेत ते तुला माहितीये ना?"

मला माहीत होतं. मी रोज मोजत होते.

त्यांनी एक कोरा कागद दिला. "ह्याला रकाने नाहीत. उद्या जे दिसेल ते लिही. चांगलं, वाईट, बिचारे, असलं काही नको. काय झालं आणि किती वाजता. बाबांना हे सांगायचं की नाही, ते तू ठरव." पुढे एका वृत्तसंपादकाने मला हेच शिकवलं. त्याने त्याला आठ महिने लावले आणि भाषा याहून वाईट वापरली.

तो कागद माझ्याकडे आहे. घडीवर फाटलाय, पण वाचता येतो. त्यावर असं लिहिलंय: "शुक्रवार. चार वाजून दहा मिनिटं. बाबा बसले. चौकट डाव्या मांडीला. जाड मुठीची फणी पिशवीत आहे. आईची फणी डाव्या हातात. उजवा हात मांडीवर पालथा. चार वाजून चाळीस. कापड एक बोट वाढलं. उजवा हात हलला नाही. एकदा हलला, माशी बसली तेव्हा."

मी तो लपवला नाही आणि दाखवलाही नाही. चौकटीशेजारी ठेवला आणि पाणी प्यायला उठले. परत आले तेव्हा बाबा तो डाव्या हातात धरून वाचत होते. ते सगळंच वाचत. शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून, दोन्ही बाजूंनी. त्यांनी हा दोनदा वाचला.

"ह्या तू लिवलंस?"

"हो."

"कोणाक दाखवतलंस?"

"मॅडमना. सोमवारी."

त्यांनी कागद खाली ठेवला आणि त्याची घडी नखाने सरळ केली. "ह्यात चूक खय नाय," ते म्हणाले.

आईने मशीन थांबवलं, आणि या वेळी ती वळून बसली. "आता चेडवाक सांगा तां," ती म्हणाली. "टेबलाचा सांगा."

बाबांनी सांगितलं ते असं. गिरणीत, तयार कापड तपासून घड्या घालत त्या घडीखात्याच्या दारात एक लांब टेबल होतं. कापडात चूक निघाली, धागा सुटलेला, पट्टा पडलेला, तेलाचा डाग, तर त्याला डागी कापड म्हणत. ते त्या टेबलावर पसरून ठेवत आणि साच्याचा नंबर पुकारत. ज्याचा नंबर त्याने येऊन टेबलापाशी उभं राहायचं, हात मागे, पाळी सुटेपर्यंत. पाळी सुटली की सगळे त्याच दाराने बाहेर पडत. कुणी काही बोलत नसे. कापड बघत आणि जात. "एकोणीस वर्सात मी दोनदा उभो रवलंय," बाबा म्हणाले. "दुसऱ्या येळेक माझो बापूस त्याच पाळयेक होतो. तो पण बघून गेलो."

विमान आलं आणि गेलं. मी विचारलं, "पण ते गिरणीतलं टेबल. हे इस्पितळातलं आहे."

"माका म्हायत आसा, बाय," ते म्हणाले. "पायांक म्हायत नाय."

आई उठली. बाबांच्या मांडीशेजारची स्वतःची फणी तिने उचलली, केसांत खोवली आणि आत भाताचं बघायला गेली. आईला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं का, हे मी तिला पुढे कधी विचारलं नाही. तिची पाठ आमच्याकडे असली तरी डाव्या आणि उजव्या हाताच्या ठोक्याचा आवाज वेगळा असतो, एवढं नक्की.

सोमवारी बाबांनी तो कागद स्वतः मॅडमना दिला. टेबलाचंही सांगितलं, थोडक्यात. मॅडमनी ऐकून घेतलं. त्यांनी चौकट उजेडावर धरली नाही, किनार पाहिली नाही. "काका, मला कापडातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "मी कापड बघतच नाही. मी बघते ते ठोकताना बोटं किती वळली. इथल्या टेबलावर तुमचं कापड नको असेल तर ठेवणार नाही. पण उसवायचं नाही. वाकडं झालं तर वाकडं राहू दे. उसवलं तर मला कळणार कसं, काल हात कुठे होता?"

"विणकराक उसवू नको म्हणजे..." बाबा अर्ध्यावर थांबले, मग शाळेतल्या मराठीत म्हणाले, "कठीण आहे, मॅडम."

"कठीणच आहे. तीस मिनिटं नकोत. दहा करा."

त्या संध्याकाळी मी लिहिलं: अकरा मिनिटं. दुखलं. थोडी सूज. पहिल्या रांगेपासूनच कापड बिघडलं. दीड वीत सुरेख पांढरं, त्यात निळी रेघ, आणि मग एकाएकी ते आत ओढलं जाऊ लागलं, उजव्या बाजूला सैल, डावीकडे घट्ट, मध्ये जाळी. फणी तीनदा हातातून पडली. प्रत्येक ओळ झाली की बाबांचा डावा हात आपोआप धाग्याकडे जायचा, उसवायला. ते तो मांडीखाली दाबून बसायला लागले. मला ते दृश्य स्पष्ट आठवतं: एक माणूस स्वतःच्या हातावर बसलेला, दुसऱ्या हाताने वाईट कापड विणत, आणि दारात साडीच्या काठावरून पळणारी सुई. आधीचा तो सारखा ठोका गेला होता. आता ठप्, आणि मग किती वेळ काही नाही, आणि मग ठप्. मशीनच्या आवाजात मधली शांतता मोजता येत होती. मी ती मोजायची. मोजता मोजता तिचीही लय होते.

कागदावर नंतरचे आकडे असे आहेत. अकरा, नऊ, चौदा. एक दिवस शून्य. पुढे लिहिलंय: बाबा चिडले, चौकट कॉटखाली सारली. दुसऱ्या दिवशी बारा. मुठीवरची पट्टी मळत गेली, आधी राखाडी, मग जिथे बोटं टेकायची तिथे तपकिरी. मॅडमनी तिचा एक वेढा उलगडला, दहा दिवसांनी आणखी एक. मोजपट्टीवरचे आकडे: चार. साडेतीन. साडेतीन. तीन. दोन पॉइंट चार. मार्गशीर्षातल्या एका दुपारी जेवताना बाबांनी ताटातला बांगडा स्वतःच्या बाजूला ओढला आणि उजव्या हाताने त्याचा कणा उचलायचा प्रयत्न केला. मासा मोडला, काटे भातात गेले. आईने ताट बदललं नाही. त्यांनी तो भात काटे वेचत वेचत, पाऊण तासात संपवला.

दोन वर्षांपूर्वी माझं मनगट मोडलं. मी कांदिवलीच्या एका दवाखान्यात जात होते. तिथे आता हिरव्या रंगाचा चिकणमातीसारखा गोळा देतात आणि नोंद मोबाइलवर करायची असते. मिनिटांच्या चौकटीत आधीच पंधरा लिहिलेलं येतं; फक्त होकार द्यायचा. मी ते रोज खोडून खरा आकडा टाकायची. तिथली मुलगी म्हणाली, "आजी, तुमचा डेटा फार वर-खाली होतोय." मी तिला हो म्हटलं.

संक्रांतीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी बाबा कारखान्याच्या डॉक्टरांकडे गेले. मी शाळा बुडवून बरोबर होते. डॉक्टरांनी टेबलावर पाना ठेवला, घड्याळ काढून शेजारी ठेवलं आणि साठ सेकंद धरायला सांगितलं. पहिल्या वेळी पाना बाविसाव्या सेकंदाला पडला. फरशीवर मोठा आवाज झाला. बाबांनी वाकून तो उजव्याच हाताने उचलला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा. दुसऱ्या वेळी त्यांनी डावा हात मांडीखाली घातला आणि घड्याळाकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. साठ झाले. मधल्या बोटाचं टोक तळव्याला टेकलेलं नव्हतं; मॅडमनी त्याच दुपारी मोजलं तेव्हा अंतर दीड सेंटिमीटर भरलं. कारखान्याच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलं: हलकं काम द्यावं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. बाबांना सामानाच्या खोलीत घेतलं. ते निवृत्त होईपर्यंत त्या कारखान्यात होते. ते अंतर पुढे कमी झालं नाही.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी आम्ही चौकट परत करायला गेलो. मेणाची पेटी बंद होती. चांगुणामावशी दुसरी टोपली विणत होत्या. तिचं बूड पहिलीपेक्षा सपाट होतं. मॅडम दुसऱ्या रुग्णापाशी होत्या. बाबांनी कापड खिळ्यांवरून उतरवलं, चौकट कपाटात ठेवली आणि खिडकीच्या लांब टेबलापाशी गेले. माझ्याकडून त्यांनी नावाची चिठ्ठी लिहून घेतली. कापड त्यांनी उजव्या हाताने पसरलं. निळ्या रेघेचा दीड वितीचा भाग खाली दुमडला. वाकडा भाग वर ठेवला, दाराच्या बाजूला.